राहिलेल्या दोन गल्ल्या

“लाव तो आवाज! लाव म्हणते ना! नाहीतर मी इथंच उतरते आणि चालत घरी जाते!”

“आई, एकच गल्ली. पुढच्या गल्लीत लावतो.”

“का? या गल्लीनं काय तुझं घोडं मारलंय?”

“मला जरा शांत हवंय.”

“शांत हवंय! भंगारवाल्याला शांत हवंय! अरे, आवाज नाही तर वरच्या लोकांना काय स्वप्न पडणारे, खाली गाडी आलीये म्हणून?”

मित्रांनो, दोन आठवड्यांपूर्वीचं हे भांडण माझ्यावरून झालं. म्हणजे माझ्या तोंडातून जो आवाज निघतो त्याच्यावरून. मी एक जुना भोंगा आहे. भंगार गोळा करणाऱ्या टेम्पोच्या टपावर दोन नटांवर बसलेला. रंग कधीकाळी राखाडी होता, आता विचारू नका. डाव्या काठाला पोचा आलाय. मला राग पटकन येतो आणि एका जागी बसवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मधेच उठलो तर तुम्ही वाईट वाटून घ्यायचं नाही.

आज अर्धा तास मोकळा मिळालाय. तेवढ्यात सगळं सांगतो. लक्ष देऊन ऐका, मला पुन्हा पुन्हा सांगायला आवडत नाही. आता तुम्ही म्हणाल, भोंग्याचं तर कामच ते. म्हणूनच आवडत नाही.

जन्म माझा कारखान्यातला. पत्र्याची सपाट चकती फिरवत फिरवत ओढली, तेव्हा कुठं हे तोंड झालं. मागं पडदा बसवणाऱ्या मुलीनं माझ्यातून ‘एक, दोन, तीन’ म्हणून बघितलं आणि दुसऱ्याला उचललं. एवढंच बालपण.

मग मला शाळेत घातलं. हसू नका, खरंच घातलं. मैदानातल्या खांबावर. सकाळी प्रार्थना, मग कवायत, मग ‘सायकली नीट लावा’. मला एक खोड होती. मी मधेच किंचाळायचो. तसे सगळेच भोंगे कधी ना कधी किंचाळतात, पण माझी वेळ भारी. मुख्याध्यापक ‘शिस्त म्हणजे’ इतकंच म्हणाले की माझं कुईंऽऽऽ! पोरं हसून आडवी. तिसऱ्यांदा तसं झालं आणि शिपायानं शिडी लावून मला खाली घेतला. अशी माझी शाळा सुटली. का किंचाळतोस बाबा, असं एकानं विचारलं नाही. मागची वायर सैल होती हो. नुसती एक वायर.

पुढं चार वर्षं अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांखाली. गांधीलमाशीनं माझ्या तोंडात मातीचं घर बांधलं. मी ओरडणारा गडी, आणि मला गप्प ठेवला होता. आतून नुसता चडफडत होतो.

एक दिवस शाळेनं भंगार काढलं आणि म्हातारा आला. तसा काही म्हातारा नव्हता, पण केस पांढरे आणि चाल डुलत डुलत, म्हणून जिथं तो माल विकायचा त्या यार्डातले सगळे त्याला म्हातारा म्हणायचे. बाक, पंखे, पत्रे, सगळं त्यानं काट्यावर टाकलं. मला मात्र उचलून कानापाशी हलवलं, मागं बोट घातलं, स्क्रू आवळला आणि म्हणाला, “एवढंच होतं होय रे तुझं?”

मित्रांनो, मी भोंगा आहे, मला रडता येत नाही. पण तेव्हा आलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानं मला टपावर बसवलं. खाली गाडीत ॲम्प्लिफायर, म्हणजे ताकद भरलेली पेटी. एक हातात धरायचा माईक, ज्याचं बटण दाबून ठेवलं तरच आवाज येतो. पण दिवसभर माईकवर कोण ओरडणार? म्हणून त्यानं आवाज एकदाच फोनमध्ये भरून घेतला. फोन धरला होता त्याच्या थोरल्या पोरानं. म्हातारा खाकरला आणि सुरू झाला, “भंगाऽऽर! जुना पंखा, जुना फ्रिज, बंद पडलेला मिक्सर, मोडकी सायकल, बॅटरी, रद्दीऽऽ! भाव चांगला, काटा खरा!” मग थोडा खोकला. मग एकदम साध्या, घरातल्या आवाजात, “झालं का रे? घेतलं का?”

हे शेवटचं कापायचं राहून गेलं. थोरला म्हणायचा, उद्या कापतो. तो उद्या आलाच नाही. मग गल्लीगल्लीत दिवसभर ‘भाव चांगला, काटा खरा, झालं का रे, घेतलं का’. पोरं तेच ओरडत मागं धावायची. कोपऱ्यावरचा शिंपी दुकानातून म्हणायचा, “नाही घेतलं! पुन्हा म्हणा!” एका बाईचं लहानगं माझा आवाज आल्याशिवाय घासाला तोंड उघडत नसे. ती वाटी घेऊन दारात उभी राहायची. काय दिवस होते! म्हातारा बाजूच्या सीटवर, थोरला स्टिअरिंगवर, मी वर. नऊ वर्षं.

आता पुढचं भरभर सांगतो. हळू सांगवत नाही मला.

गेल्या वर्षी एका दुपारी म्हातारा गाडीत म्हणाला, “जरा कसंतरी होतंय रे. हात भरून आलाय.” थोरला म्हणाला, “बाबा, या दोन गल्ल्या राहिल्यात. तेवढ्या करू आणि तसंच दवाखान्यात जाऊ.” म्हातारा म्हणाला, बरं. गाडी त्या दोन गल्ल्या फिरली. खाली म्हातारा दंड दाबून गप्प बसलेला आणि वर मी त्याच्याच ठणठणीत आवाजात ओरडतोय, भाव चांगला, काटा खरा. माझ्याकडून थांबणं झालं नाही. माझ्या हातात बटणच नाही.

दवाखान्यात पोचले. संध्याकाळी थोरला एकटाच गाडीपाशी आला.

त्या दोन गल्ल्यांचं दोघांनाच ठाऊक होतं. त्याला आणि मला. आईला त्यानं एवढंच सांगितलं होतं, त्रास झाला आणि लगेच नेलं. ‘लगेच’ या शब्दावर त्याचं सगळं घर उभं होतं, आणि तो शब्द खोटा होता.

महिन्याभरानं आई गाडीवर यायला लागली. म्हाताऱ्याच्या सीटवर बसायची. म्हणायची, “वायरी सोलून तांबं काढायला माणूस लागतं तुला.” वायरी सोलायची खरी, पण कान सगळे टपाकडे. ‘झालं का रे’ आलं की तिचे हात थांबायचे. आणि इकडं थोरल्याचा पाय ब्रेकवर जायचा. सिग्नल नाही, कुत्रं आडवं नाही, काही नाही. रस्ता रिकामा आणि ब्रेक. मागचे शिव्या घालायचे.

माणूस बिघडत चालला होता. रद्दीवाल्या आजीबाईंवर खेकसला, “किती वेळ मोजताय, पेपर आहेत का दागिने?” आरशाला बुक्की मारून आरसा फोडला, मग फुटका आरसा आपल्याच गाडीतल्या भंगारात टाकला. स्टिअरिंगवर बोटं वाजवायची, दात आवळायचे, डबा तसाच घरी न्यायचा. मी तापट आहे, मला तापट माणूस ओळखू येतो. पण हा तापट नव्हता, हा उकळत होता.

त्याची धाकटी बहीण एका ऑफिसात कामाला. तिच्या ऑफिसात अशी सोय, की घरच्या माणसालाही थेरपिस्ट मॅडमशी फोनवर आठ वेळा बोलता येतं. समोर चेहरा दिसतो, मनातलं बोलायचं. तिनं भावाला गाडीपाशीच गाठलं.

“म्हणजे मी वेडा आहे का?” थोरला तापला.

“वेडा असतास तर सुखी असतास दादा. आरसे फोडत बसला नसतास.”

“मला वेळ नाही.”

“गुरुवारी चार वाजता यार्डात तुझी गाडी उभी असते. आई काट्यावर असते. तू गाडीत बसून काय करतोस? टप बघतोस. अर्धा तास मॅडमना बघ.”

“आईला कळलं तर?”

“तू सांगितलंस तर कळेल.”

असा गुरुवार ठरला. घरी दोन खोल्या, भिंतींना कान. गाडीच बरी. आई मालाची पोती घेऊन काट्याच्या रांगेत गेली की हा काचा वर करायचा, कानात वायरीचा इअरफोन कोंबायचा. मॅडमचं बोलणं त्याच्या कानात, त्याचं बोलणं पत्र्यातून माझ्यापर्यंत. म्हणून मला अर्धीच बाजू कळायची. उरलेली मी त्याच्या तोंडावरून लावायचो.

पहिल्या गुरुवारी पठ्ठ्यानं वीस मिनिटं क्लचप्लेटबद्दल सांगितलं. मग मॅडमनी काहीतरी विचारलं. हा म्हणाला, “माझं? माझं काय?” आणि एकदम, “हॅलो? हॅलो? तुमचा आवाज येत नाहीये,” म्हणून फोन कापला. रेंज चांगली फुल होती. मी टपावर राहतो, मला रेंज कळते.

पण पुढच्या गुरुवारी गेला. मग पुढच्याही. मॅडमनी त्याला काम दिलं होतं. दिवसात छाती कधी आवळते तेवढी खूण करायची, बाकी काही नाही. तो काट्याच्या पावतीमागं रेघा मारायला लागला. एक रेघ, दोन रेघा. पाचव्या गुरुवारी पावत्या पसरून बसला आणि बोलता बोलता थांबला.

“मॅडम, थांबा जरा,” म्हणाला. “हे सगळं एकाच वेळी होतंय. आवाज संपतो ना, बाबा शेवटी विचारतात, झालं का रे. तेव्हाच. प्रत्येक वेळी तेव्हाच.”

बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, “एक गल्ली? दिवसातून एकच गल्ली आवाज न लावता? आणि आवाज काढून टाकायचा की ठेवायचा ते आत्ता ठरवायचं नाही? बरं. बघतो.”

मित्रांनो, खरं सांगतो, माझं डोकंच फिरलं. नऊ वर्षं मी ओरडलो, आणि ही कोण कुठली, फोनच्या चौकटीतली बाई, मला गप्प बसवणार? मला अडगळीची खोली आठवली. त्या आठवड्यात मी मुद्दाम खरखर केली.

ती एक गल्ली म्हणजेच सुरुवातीचं भांडण. बुधवारी जमलं, आईला झोप लागली होती. गुरुवारी जागी होती. आई काही उतरली नाही, पण यार्डापर्यंत तोंड फिरवून बसली. थोरल्यानं पुढच्या गल्लीत आवाज लावला तेव्हा म्हणाली, “मेहरबानी झाली.”

यार्डात पोचायला उशीर झाला. चार वाजून गेलेले. इतर गुरुवारी हा आधी पेटी बंद करायचा, मग फोन लावायचा. त्या दिवशी घाईत आवाज नुसता थांबवला, पेटी तशीच चालू. फोन समोर टेकवायला दर वेळी पाण्याची बाटली असायची, ती आईनं रागारागात सोबत नेलेली. यानं इकडं तिकडं बघितलं आणि हुकावरचा माईक काढून डॅशबोर्डवर आडवा ठेवला. त्याच्यावर फोन टेकवला. फोनची कड बरोबर माईकच्या बटणावर.

झालं! बटण दाबलं गेलं. मला आत ऊब जाणवली.

यार्डात भंगार दाबायचं मोठं मशीन आहे. गाडीभर पत्रा घालायचा, तो चेपून चौकोनी ठोकळा पडतो. ते चालू असलं की शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येत नाही. ते चालू होतं. काचा बंद, कानात इअरफोन. थोरल्याला काय कळणार? तो बोलायला लागला आणि त्याचा शब्द न् शब्द माझ्या तोंडातून यार्डात पडायला लागला, मशीनच्या आवाजाखाली.

मी किंचाळायचा प्रयत्न केला. देवाशपथ. म्हटलं एक कुईंऽऽऽ आलं की हा दचकून बघेल. आयुष्यभर नको तेव्हा किंचाळलो, आणि हवं तेव्हा घशातून काही येईना. म्हाताऱ्यानं स्क्रू इतका पक्का आवळला होता.

आणि मशीन थांबलं. ठोकळा पडला, चालवणाऱ्यानं बटण बंद केलं. सगळं यार्ड गप्प.

“…मी गाडी वळवली नाही मॅडम,” मी म्हणालो. म्हणजे तो म्हणाला, पण आवाज माझाच. “ते म्हणाले हात भरून आलाय. मी म्हणालो, दोन गल्ल्या राहिल्यात. आईला सांगितलं लगेच नेलं. लगेच नव्हतं नेलं. तेव्हाच वळवली असती तर बाबा बाजूला बसलेले असते. आई तिथं बसते ना, मला तिच्याकडे बघवत नाही. तिला कळलं तर ती…”

काटेवाला धावत आला आणि पुढच्या काचेवर दोन्ही हातांनी बडवायला लागला. “अरे माईक! माईक काढ! माईक!”

थोरल्यानं एका कानातला इअरफोन काढला. “काय?”

‘काय’ हेही यार्डभर घुमलं. तेव्हा त्याला कळलं.

त्यानं आधी माईककडे बघितलं नाही. काट्याकडे बघितलं. आई तिथं तांब्याच्या वायरीचं पोतं पोटाशी धरून उभी होती. तिनं ते हळूच काट्यावर ठेवलं, पदराला हात पुसले आणि फाटकाबाहेर चालायला लागली. मागं बघितलं नाही.

रांगेत वीसेक माणसं. सगळे आपापल्या पोत्यांची तोंडं बांधायला लागले. तेवढ्यात मशीनवाल्यानं मशीन पुन्हा सुरू केलं. आत काही नव्हतं. रिकामंच धडधडत ठेवलं त्यानं, कुणाला काही बोलावं लागू नये म्हणून. मला तो माणूस त्या दिवसापासून आवडतो.

मग आठवडाभर आई गाडीवर आली नाही. गाडी रात्रंदिवस स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी असते, त्यामुळं घरातलं मला कळतं. भांड्यांचे आवाज तेवढे. “जेवायला वाढलंय.” “ठेव.” एवढंच बोलणं. थोरल्यानं माझा आवाज लावलाच नाही. नुसता फिरायचा, लोकांना कळायचं नाही, माल मिळायचा नाही. बाजूची सीट मोकळी. आई सोडून जाईल, धाकटीकडे राहायला जाईल, हीच धास्ती. संध्याकाळी घरापाशी आला की आधी खिडकीत उजेड आहे का बघायचा, मग इंजिन बंद करायचा.

सातव्या गुरुवारी त्यानं मॅडमवर सगळं काढलं. “तुमच्यामुळं झालं! मला बोलतं कुणी केलं? मी गप्प होतो तेच बरं होतं!” बऱ्याच वेळानं आवाज उतरला. “नाही… आईनं काही म्हटलं नाही. मला वाटतं ती कधीच माफ… नाही, तिनं तसं म्हटलेलं नाही. मला वाटतं.” पुन्हा ऐकलं. “म्हणजे मला माहीत नाही. बरोबर. माहीत नाही मला.” आणि मग नाक ओढत थोडा हसला. “हो, माईक हुकावर आहे. दोनदा बघितला.”

शुक्रवारी सकाळी गाडी सुरू करतोय तोच बाजूचं दार उघडलं. आई बसली. दार असं आपटलं की माझे नट हलले.

“चल.”

गाडी निघाली. तासभर आई वायरी सोलत होती. मग एका वळणावर आई म्हणाली, “हीच ना ती गल्ली?”

“हो.”

“आणि पुढची ती दुसरी?”

“हो.”

“थांबव.”

यानं थांबवली. हात स्टिअरिंगवरून निघत नव्हते.

“दोन गल्ल्या,” आई म्हणाली. “दोन गल्ल्यांचं काय घेऊन बसलायस? सकाळी मी डबा भरत होते तेव्हा ते मला म्हणाले होते, हात दुखतोय. मी काय म्हणाले माहितीये? म्हणाले, कामाला निघायच्या वेळीच बरा दुखतो तुमचा हात!” तिनं मांडीवरची वायर बाजूला फेकली. “हसले आणि गेले. अकरा महिने झाले. कुणाला सांगू हे? तुला सांगू? तुझा बाप गेला नि तुला सांगू, की मी टोमणा मारून पाठवला त्याला?”

थोरल्यानं इंजिन बंद केलं.

“मी इथं बसून त्यांचा आवाज ऐकते ते काय हौस म्हणून?”

“मला वाटलं, तुला बरं वाटतं.”

“बरं! अरे, ते विचारतात ना, झालं का रे, ते मला वाटतं मलाच विचारतात. मी मनात म्हणते, नाही हो झालं. परत या, मी नीट विचारते, कुठं दुखतंय.”

मग दोघंही रडली. लहान पोरं रडतात तशी, आवाज करून. तिसऱ्या मजल्यावरून एक बाई डोकावली. “अहो भंगारवाले! रद्दी घ्यायचीये का नुसतेच उभे राहणार?”

आईनं काच खाली करून मान बाहेर काढली. “थांबा हो बाई! मेलं जरा रडू तरी द्या!”

ती बाई आत गेली. थोड्या वेळानं रद्दीचा गठ्ठा घेऊन स्वतःच खाली आली, आणि पाण्याचा तांब्याही.

संध्याकाळी गाडी खिडकीखाली लागल्यावर आईनं विचारलं, “ती तुझी फोनमधली मॅडम, अजून किती वेळा आहे?”

“एकदाच. येत्या गुरुवारी आठवी.”

“ती मला दे.”

“तुला?”

“का? मला मन नाही?”

थोरल्यानं आधी मॅडमना विचारलं. त्या चालेल म्हणाल्या, पण आईला स्वतःला यायचं असेल तरच, आणि आई काय बोलली ते त्या त्याला सांगणार नाहीत.

तर मित्रांनो, तो गुरुवार आज. म्हणून मला हा अर्धा तास मोकळा मिळाला. थोरल्यानं पेटी बंद केली, माईक उपटून खिशात घातला, वर माझीही वायर काढली. एवढं कशाला, पण असू दे, एकदा पोळलाय. आता तो भिंतीपाशी उभा आहे. म्हणजे उभा कसला, येरझारा घालतोय. दगडाला लाथ मारतो, पुन्हा तोच दगड जागेवर आणतो. काचेतून आई दिसते. ती बोटांवर काहीतरी मोजून सांगतेय. आत्ता हसली. आत्ता डॅशबोर्डवर हात आपटला. काय बोलतेय कुणास ठाऊक. वायर नसली की मला पत्र्यातलं ऐकू येत नाही, उघड्यावरचं तेवढं येतं. आणि खरं सांगू? पहिल्यांदाच मला ऐकायचंही नाहीये.

मॅडमवर माझा राग होता, तो गेला का? सगळा नाही. मला गप्प करणारं माणूस मला आवडत नाही. पण इतकी वर्षं मी समजत होतो की मोठ्यानं बोललं की लोकांना ऐकू जातं. तसं नसतं रे. पोटातलं बोलायला कुणीतरी समोर बसून ऐकणारं लागतं. घरातलं माणूस असो, मित्र असो, नाहीतर फोनच्या चौकटीतली बाई असो. त्यासाठी माणसाला वेड लागावं लागत नाही. आणि तुमच्या घरात कुणी म्हणालं, जरा कसंतरी होतंय, तर हातातलं काम तिथंच टाका. हातातलं काम कुठं पळून जात नाही.

थांबा. दार उघडलं.

“काय म्हणालीस इतका वेळ?” थोरला विचारतोय.

“तुझ्या बापाच्या तक्रारी केल्या. तीस वर्षांच्या. मॅडमना वेळ पुरला नाही.”

“आणि?”

“आणि काय? तो आवाज माझ्या फोनमध्ये घाल. मी घरी ऐकीन, मला वाटेल तेव्हा. गल्लीत आता तू ओरड.”

“आई, माझा आवाज घोगरा आहे. लोक घाबरतील.”

“भंगार घ्यायचंय आपल्याला, गाण्याचा कार्यक्रम नाही करायचा. चढ वर, वायर जोड.”

आला वर. वायर बरोबर लावतोय. खिशातला माईक आईनं काढून घेतलाय, ती त्याला म्हणतेय, आधी खाकर, बाबा खाकरायचे तसा. तो म्हणतोय, मी माझा खाकरीन. झालं, पुन्हा भांडण सुरू. तो खाली उतरला, इंजिनही सुरू झालं. बरंच सांगायचं राहिलं, पण आता मला निघायलाच हवं.